झाकणाला टाळ्या, मला दटावणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि आधीच सांगून टाकते, चहाच्या पातेल्याच्या एका झाकणावर माझा भयंकर राग आहे.

मला सुतारकाकांनी घडवलं. वाचनालयाच्या सभागृहात मी आले तेव्हा माझी जागा पहिल्या रांगेत होती. "काय भक्कम खुर्ची आहे!" असं येणारा-जाणारा म्हणायचा. पुढे मागचा उजवा पाय सांध्यात सैल झाला. बसणारा जरा हलला की मी कुरकुरायची आणि सगळे "श्शू!" करून वळून बघायचे. होता होता माझी रवानगी पार दाराशी झाली. सभागृहाची देखभाल करणाऱ्या मावशी एक दिवस म्हणाल्या, "हा उद्याचा कार्यक्रम होऊ दे, मग हिला भंगारात देऊन टाकते."

तो कार्यक्रम नव्या, प्रयोगशील संगीताचा होता. तिकीट नव्हतं, त्यामुळे सभागृह भरलं. वादक चारच. त्यांतल्या व्हायोलिनवाल्या ताईंनी मावशींना विचारलं, "एखादं स्टीलचं झाकण मिळेल का हो?"

"मिळेल की! पण ठोकू बिकू नका हं, पोचा येईल."

ताईंनी ठोकलं नाही. झाकणाच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवला. ते मेलं असं किंचाळलं की माझ्या अंगावर काटा आला. आणि लोक? डोळे मिटून ऐकत होते! वर टाळ्या! माझा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्षं मी याहून बरा आवाज काढतेय, तर मला दटावणी आणि या कालच्या झाकणाला कौतुक?

मग चौघेही वाद्यं मांडीवर ठेवून गप्प बसले. ही शांतताही रचनेतच होती म्हणे. माझ्यावर एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी पायावरचा पाय बदलला आणि मी मनातली सगळी आग ओतून कुरकुरले. कुर्रर्र... कर्र!

मास्तर लाजेने लाल झाले. पण कुणीही "श्शू" केलं नाही. चेलोवाल्या दादांनी गज उचलून हुबेहूब माझाच आवाज काढला. मी पुन्हा कुरकुरले, त्यांनी पुन्हा उत्तर दिलं. लोकांना वाटलं, सगळं ठरवूनच चाललंय. केवढ्या टाळ्या पडल्या!

कार्यक्रम संपताच ताई धावत दाराशी आल्या. "मावशी, पुढच्या महिन्यात ही खुर्ची मंचावर हवी. झाकण नको आता."

मी हवेतच होते. मावशींचाही ऊर भरून आला. भंगाराची गोष्ट त्या विसरूनच गेल्या. "मंचावर जायचंय, मग अशी खिळखिळी कशी पाठवू?" म्हणत त्यांनी मला थेट सुतारकाकांकडे नेलं. काकांनी पाचर ठोकली, खिळे मारले, पॉलिश केलं. "आता हत्ती बसू दे, हूं की चूं करणार नाही," ते म्हणाले.

खरंच, नाही केलं. मंचावर दिवे लागले, ताई बसल्या, हलल्या, डुलल्या, शेवटी चक्क उड्या मारल्या. मी गप्प. पहिल्या रांगेत मावशी कौतुकाने बघत होत्या. ताई त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "मावशी, ते झाकण आणता का?"

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण हातोडी उचलण्याआधी दोन घटका त्यांचं ऐकून घ्या. मावशी रोज मायेने मला पुसतात, त्यांच्यावर कसं रागवू? आता दर महिन्याला कार्यक्रम होतो. तो संपला की त्या झाकण धुतात आणि माझ्याच बैठकीवर वाळत ठेवतात. आणि मला साधं कुरकुरताही येत नाही.