अर्ध्या किलोचं खोटं

मित्रांनो, मी सायकल आहे खरी, पण जन्मापासून आजपर्यंत वीतभरही पुढे गेलेली नाही. रस्ता कसा असतो ते मी पाहिलेलं नाही आणि घंटी तर मला कुणी बसवलीच नाही. मी तपासणीची सायकल आहे, आणि आता चांगली जुनी झाले आहे. मला एकच चाक आहे, जाडजूड लोखंडी. त्याच्या कडेवरून एक पट्टा गेलेला आहे. पट्टा आवळला की पेडल जड होतं आणि ओझं किती किलोचं झालं ते बाजूचा काटा दाखवतो. वर बसणाऱ्याच्या अंगात दम किती आहे, त्याचं माप घेणं हेच माझं काम.

मी कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या पट्ट्याला एकेक किलोची वजनं टांगून काटा तपासला. तो केसभरही चुकला नाही. बाईंनी माझ्या सीटवर हलकीशी थाप मारली. पहिली शाबासकी ती, म्हणून अजून लक्षात आहे.

तिथून मला एका क्रीडासंकुलात आणलं. मैदानाला लागून एक लांब इमारत होती, तिच्यातली अगदी शेवटची खोली माझी. एक खिडकी, एक वजनकाटा, भिंतीवर घड्याळ आणि मास्तरांची खुर्ची. मास्तर म्हणजे तिथले प्रशिक्षक. तरुणपणी ते सायकलच्या शर्यतीत धावलेले. गुडघा कायमचा दुखावला तेव्हा सायकल सुटली, पण सायकलवाले काही सुटले नाहीत. बोलणं मोजकं, कानावर पेन्सिल, हातात वही. माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाचे आकडे ते त्या वहीत टिपून ठेवत. धावपटू आले, पोहणारे आले, हृदयाच्या दुखण्यातून उठलेले आजोबा आले. माझा काटा जे सांगेल ते सगळे मान्य करत. 'सायकल खोटं बोलत नाही,' असं मास्तर म्हणायचे, तेव्हा माझं लोखंड फुलून यायचं.

मग मोठ्या दालनात पडदेवाली नवी यंत्रं आली. त्यांच्यावर डोंगर दिसायचे, गाणी वाजायची. माझ्याकडे येणारी पावलं कमी झाली. कुणीतरी माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत टाकायला लागलं. मास्तर रोज सकाळी ते टॉवेल उचलत आणि खुंटीला लावत.

अशाच एका सकाळी शिडीताई आली.

ती अग्निशमन दलातली. अंगाने उंच, आणि उंच शिडीवर सगळ्यांच्या आधी चढणारी, म्हणून दलात तिला हे नाव पडलं होतं. वय चाळिशीला टेकलेलं. सात महिन्यांपूर्वी लाकूडसामानाच्या एका गोदामाला आग लागली होती. वरच्या मजल्यावर अडकलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तिने खांद्यावर टाकून खाली आणलं, पण जिन्यात वरून फळी कोसळली आणि तिच्या तोंडावरचा मुखवटा फाटला. दोन मजले ती तशीच धूर गिळत उतरली. म्हातारा वाचला. ताईची फुप्फुसं मात्र करपल्यासारखी झाली. दवाखान्यातून सुटल्यावर तिला टेलिफोनवर बसवलं. लोकांचे फोन घ्यायचे, पत्ता लिहायचा, गाडी पाठवायची आणि आपण खुर्चीतच राहायचं.

पुन्हा गाडीवर जायचं तर दलाचा नियम सरळ होता. माझ्यावर चार किलोचं ओझं, मिनिटाला पन्नास फेरे, क्षणभर घसरले तरी पंचेचाळीसच्या खाली नाही, आणि हे सलग सहा मिनिटं. त्यासाठी चार महिन्यांची मुदत. तेवढ्यात जमलं नाही, तर टेलिफोनची खुर्ची कायमची.

पहिल्या दिवशी मास्तरांनी तिच्या छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधला आणि ताल देणारं छोटं यंत्र टकटक सुरू केलं. ताई माझ्यावर अशी तुटून पडली की जणू मलाच आग लागली होती. पहिल्या मिनिटाला मी थक्क झाले. तिसऱ्याला तिचे ओठ पांढरे पडले. साडेतीन मिनिटं झाली आणि पाय थांबले. ती हँडलवर डोकं टेकून खोकत राहिली. मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत वाट पाहिली.

"तुझ्यात जोर कमी नाही," ते म्हणाले. "तू तो पहिल्या मिनिटातच उधळून मोकळी होतेस."

"आगीत जाताना हळू जायची सवय नाही मला, मास्तर."

"मग ती आता लावायची."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओझं इतकं कमी केलं की ताईला तो अपमान वाटला. दीड किलो, आणि तेही चाळीस मिनिटं. वर अट अशी की पेडल मारता मारता बोलत राहायचं. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला असं समजायचं. ताई दोन दिवस घुश्शातच आली. काय बोलू, असं तिने विचारलं, तर मास्तर म्हणाले, काहीही. मग ती टेलिफोनवर आलेल्या फोनांबद्दल सांगू लागली. मांजर झाडावर अडकलंय म्हणून तीनदा फोन करणारी बाई, स्वतःचाच पत्ता विसरलेले घाबरलेले गृहस्थ. मास्तर क्वचित हसायचे. मी मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्पा ऐकत फिरत होते. माझ्यावर बसून आजवर सगळे नुसते धापाच टाकत आले होते.

घरचंही ती बोलायची. तिचा नवरा सुतार होता. तोंडाने काही म्हणायचा नाही, पण ताई टेलिफोनवर बसायला लागल्यापासून त्याला शांत झोप लागायला लागली होती, आणि ते तिला कळत होतं. "फोनवर बसूनही माणसं वाचतातच की," एवढंच तो एकदा म्हणाला होता. ते खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त लागलं होतं.

चौथ्या आठवड्यात तिने आगीचं सांगायला घेतलं. तो म्हातारा तिच्या खांद्यावर लोंबकळत सारखा 'किल्ल्या राहिल्या, किल्ल्या राहिल्या' म्हणत होता. पाय चालू होते, वेग तोच होता, पण नाडी एकदम वर गेली. मास्तरांनी आकडा पाहिला. वहीत काही लिहिलं नाही. "ताल सोडू नकोस," एवढंच म्हणाले. दोन-तीन मिनिटांनी नाडी खाली आली आणि ताईने पुढचं सांगितलं, की ती उतरताना घाबरली होती आणि हे तिने आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मास्तर म्हणाले, मीही प्रत्येक उतारावर घाबरायचो.

हळूहळू ओझं वाढलं. दोन मिनिटं जड, तीन मिनिटं हलकं, असं सहा वेळा. एखाद्या दिवशी तिला जोर चढला तरी मास्तर लिहिलेल्यापेक्षा अर्धं मिनिटही जास्त करू देत नसत, आणि एखाद्या दिवशी ती खचली तरी तिला लवकर उतरू देत नसत. खोकला कमी झाला. तिचे पाय माझ्या पेडलवर आदळेनासे झाले, गोल फिरू लागले. चांगला प्रशिक्षक काय करतो ते मी तेव्हा जवळून पाहिलं. तो ओरडत नाही. जे आज जमणार आहे तेवढंच आज मागतो, आणि उद्या विसरत नाही.

मुदतीला दोन आठवडे उरले असताना आमच्या खोलीला रंग लागला आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत ताईला विश्रांती मिळाली. रंगाऱ्यांनी मला ओढत व्हरांड्यात नेलं आणि नेताना मी दाराच्या चौकटीवर जोरात आपटले. काट्याच्या मागचा एक स्क्रू सरकला. मला ते त्याच क्षणी कळलं. पण सांगणार कशी? मला वाचा नाही. रंग वाळला, मला परत जागेवर ठेवलं, वरची धूळ पुसली, आणि सगळ्यांना मी पूर्वीसारखीच दिसले.

मुदतीला दहा दिवस उरले असताना परीक्षा ठरली. दलाचे मोठे साहेब कागद घेऊन आले. ताई शांतपणे बसली. पहिलं मिनिट तिने राखून काढलं. दुसरं, तिसरं, चौथं तसंच गेलं. सहावं मिनिट संपलं तेव्हा ती थकलेली होती, पण पाय अजून चालू होते. साहेबांनी आनंदाने तिथेच सही केली. मास्तरांनी तर कानावरची पेन्सिल काढून हसत वहीवर आपटली.

ताई उतरली. पाण्याचा पेला तिने तोंडाला लावलाच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"मास्तर, आज ओझं हलकं वाटलं."

साहेब म्हणाले, तुम्ही तयार झालात म्हणून हलकं वाटलं. ताईने मान हलवली. चार किलोला आपल्या मांड्या कशा भरून येतात ते आता आपल्याला पाठ आहे, आणि आज तशा भरून आल्या नाहीत, असं तिने सांगितलं. मास्तरांचं हसू मावळलं. त्यांनी वहीची मागची पानं चाळली. पाचव्या मिनिटाची नाडी त्यांनी धरलेल्या अंदाजापेक्षा बरीच खाली होती. त्यांनी कपाट उघडलं, वजनं काढली आणि माझ्या पट्ट्याला बरोबर चार किलो टांगले.

माझा काटा साडेचारवर जाऊन थांबला.

मित्रांनो, त्या वेळी मला वितळून जावंसं वाटलं. म्हणजे काटा चार दाखवत होता तेव्हा ताई साडेतीनच ओढत होती. ज्या एका गोष्टीसाठी मला घडवलं, तीच मी चुकवली होती.

"चूक सायकलची नाही," मास्तर साहेबांना म्हणाले. "माझी आहे. रंग झाल्यावर मी वजन लावून बघायला हवं होतं. बघितलं नाही." इतक्या वर्षांचा त्यांचा लौकिक, पण हे सांगताना त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही.

साहेब माणूस चांगला होता. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, सही झाली आहे, अर्ध्या किलोचा तर प्रश्न आहे, तुम्हाला परत बोलावून मलाही बरं वाटणार नाही. तेव्हा ताईने हात पुढे केला आणि तो कागद मागितला.

"साहेब, जिन्यात माझ्या मागे नळी धरून उभा असेल त्याला हा अर्धा किलो चालेल का, ते आधी विचारा."

साहेबांनी कागद बाहेर काढला. ताईने तो त्यांच्यासमोर फाडला.

यंत्रं दुरुस्त करणारे काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी माझा स्क्रू बसवला, पट्टा बदलला, आणि एकापासून पाचपर्यंत वजनं लावून काटा जुळवला. ताईने मधल्या दिवसांत फार काही वाढवलं नाही. मास्तरांनी वाढवू दिलं नाही. जे साठलंय त्यावर भरवसा ठेव, असं त्यांनी सांगितलं, आणि शेवटचे दोन दिवस तर तिला घरीच बसवलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती आली तेव्हा सुतारही बरोबर आला. या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता. आत न येता दाराशीच उभा राहिला, हाताची घडी घालून. तो मनातल्या मनात काय मागत असेल ते मला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल मला त्याचा राग येत नव्हता.

मास्तरांनी आधी सगळ्यांसमोर वजनं टांगली. काटा चारवर थांबला. साहेबांनी वाकून पाहिला, ताईनेही पाहिला. मग ती बसली.

या वेळी ओझं खरं होतं. तिसऱ्या मिनिटाला तिचा श्वास मोठा झाला. चौथ्याला मान खाली आली. पाचव्या मिनिटाच्या मध्यावर एक खोकल्याची उबळ आली आणि फेरे पन्नासावरून सत्तेचाळीसवर घसरले. मला वाटलं, गेलं. मला जर पट्टा सैल करता आला असता तर, खरं सांगते, मी त्या क्षणी केला असता. बरं झालं मला हात नाहीत. मास्तर खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी आले आणि अगदी हळू म्हणाले, "बोल काहीतरी."

ताईने तोंड उघडलं. "किल्ल्या," ती म्हणाली. दोन फेऱ्यांनी पुन्हा, "राहिल्या." श्वास त्या शब्दांभोवती जुळला. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. शेवटचं अख्खं मिनिट तिने पन्नासच्या खाली एकही फेरा जाऊ दिला नाही. यंत्राची टकटक थांबली तेव्हा तिच्या मांड्या थरथरत होत्या आणि घामाचे थेंब माझ्या लोखंडावर टपटप पडत होते.

साहेबांनी सही केली. सुतार दारातून आत आला. त्याने तिला उतरायला हात दिला आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

"मला वाटायचं तू हट्ट करतेयस," तो म्हणाला. "आता घरी वाट बघेन तेव्हा हे आठवेन."

पुढच्या सोमवारी ताई गाडीवर गेली.

त्यानंतर संकुलाच्या कचेरीतून मला भंगारात काढायचं पत्र आलं होतं. मास्तरांनी उत्तर लिहिलं की सायकल ठीक आहे, तपासणारा माणूस चुकला होता, आणि तो आता चुकणार नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ते वजनं टांगतात. टॉवेल अजून येतात, पण कमी.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी किती तरी यंत्रं निमूट उभी असतील. तराजू आहेत, घड्याळं आहेत, ताप मोजायच्या नळ्या आहेत. त्यांना धक्का लागतो, ती जुनी होतात, आणि एखाद्या दिवशी खोटं बोलू लागतात. ते खोटं बोलताना त्यांना कळतं, पण तुम्हाला सांगता येत नाही. म्हणून त्यांना नुसतं पुसून ठेवू नका. मधूनमधून एक खरं वजन त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा. आणि तुमच्यातलं कुणी 'आज हलकं वाटलं' असं म्हणालं, तर त्याचं आधी ऐका.