कॉन्स्टन्सची जागा

आमच्या मार्लनेसला बंदर नाही, आणि त्याची आम्हाला कधी लाजही वाटली नाही. बंदरवाले होड्या बांधतात नि घरी जाऊन झोपतात. आमच्या होड्या किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवरून ओढत वर आणायच्या आणि गोट्यांवरूनच समुद्रात लोटायच्या. येऱ्यागबाळ्याचं काम नाही ते! धक्क्याच्या तोंडाशी माझी उकडलेल्या तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, गाडी आहे. तिथून मला सगळं दिसतं, आणि मी मॅज टपर, दिसलेलं मी बोलून दाखवते.

किनाऱ्याचा एक जुना नियम आहे. वर्षातून एकदा तरी होडी समुद्रात तरंगली पाहिजे, पाण्यातल्या खुणेच्या पिवळ्या बोयाला वळसा घालून आली पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत नाही तरंगली, तर किनाऱ्यावरची तिची जागा गेली. माझ्या भावाची, लेनची ‘कॉन्स्टन्स’ यंदा हललीच नव्हती. वसंतात शेवाळावरून घसरून त्याने खांदा मोडून घेतला, आणि सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पुढच्या आठवड्यात बघू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत शेवटचा रविवार उजाडला. त्याच दिवशी, बाकीचे नाखवे पहाटेच समुद्रावर गेल्यावर, होड्या ढकलणाऱ्या ट्रॅक्टरने मान टाकली.

“बघ आता पुढच्या आठवड्यात!” मी म्हटलं. “आजोबांपासूनची जागा. उद्या तिथे आइस्क्रीमवाला बसला की चाटत बस.”

“गप गं बये,” लेन म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. होडीच्या कडेवर हात ठेवून उभा होता नुसता.

भरती चढत होती. होड्यांची नोंद ठेवणारे नगरपालिकेचे पिमसाहेब चहाचा कप घेऊन आले आणि एका बाजूला उभे राहिले. माणूस सरळ, पण नियम म्हणजे नियम.

मी गाडीवरची घंटा उचलली आणि बडवत सुटले. बिंगोच्या हॉलमधून बायका आल्या, खानावळीच्या मालकिणी ॲप्रनसकट आल्या. केशकर्तनवाली मर्लिन तर डोक्यात चिमटे लावलेल्या गिऱ्हाइकासकट आली. दर ऑगस्टच्या जत्रेत रस्सीखेचीत आम्ही अग्निशमन दलाला लोळवतो, ते काय उगीच? आमच्या आज्यांच्या वेळी गावचे पुरुष हेरिंग माशांच्या मागे उत्तरेला गेले होते आणि वादळात एक जहाज खडकावर आपटलं, तेव्हा बचावाची होडी बायकांनीच पाण्यात घातली होती. तेच रक्त आहे आमच्यात.

होडीला दोर बांधला. “ओढाऽऽ!” मी ओरडले. कॉन्स्टन्स हातभर सरकली आणि नाक गोट्यांत खुपसून बसली. पुन्हा ओढलं. अजूनच रुतली.

“तळाखाली फळ्या घालाव्या लागतील. चरबी लावलेल्या,” मी म्हटलं. “बाबांच्या फळ्या कुठायत रे?”

लेन बुटांकडे बघायला लागला. “विकल्या. ट्रॅक्टर होता ना आता.”

“विकल्या? कुणाला?”

त्याने हनुवटीने दाखवलं. प्रूडन्सचं कॅफे! ही बाई लंडनहून येऊन इथे स्थायिक झाली त्याला दहा-बारा वर्षं झाली, पण आमच्या लेखी अजून पाहुणीच. त्या फळ्या तिने भिंतीला ठोकल्या होत्या आणि त्यांवर मुरंब्याच्या बरण्या मांडल्या होत्या. त्या बाबांच्याच हे न ओळखता अख्खा उन्हाळाभर मी गिऱ्हाइकांना सांगून हसले होते. आता कोणत्या तोंडाने मागू?

मागावंच लागलं नाही. ती हातोडी घेऊन दारात उभी होती.

“बघत काय राहिलात, मॅजबाई? बरण्या उतरवायला या की! माझे हात दोनच आहेत.”

“भिंतीचा चुना निघेल तुझ्या.”

“निघू दे. भिंत माझी आहे.”

मी बरण्या उतरवल्या. मासे-बटाट्याच्या दुकानातून तळणाच्या चरबीची बादली आली, फळ्या माखल्या, तळाखाली सरकवल्या. आणि प्रूडन्सने माझ्या मागे दोर धरला. चांगला धरला, खोटं कशाला बोलू!

या खेपेला कॉन्स्टन्स निघाली ती थेट पाण्याच्या कडेपर्यंत. तिथे सगळ्या थांबल्या, कारण सुकाणूवर कुणीच नव्हतं. पिवळ्या बोयाला वळसा घालून परत यायचं तर दोन धड हात पाहिजेत, आणि लेनचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

आता ऐका. आमच्या बाबांचं म्हणणं होतं, बाईचा पाय होडीत पडला की मासे पळतात. दोर ओढायला बाई चालायची, जाळी शिवायला चालायची, मासे साफ करायला तर चालायचीच. चढायला नाही. लेनने तोच नेम पाळला आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही!

लेनने पाण्याकडे बघितलं. पिमसाहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“मॅज,” तो म्हणाला, “चढ.”

“मासे पळाले तर?”

“पळू देत मेले. चढ!”

मी चढले. बायकांनी शेवटचा रेटा दिला, होडी उचलली गेल्यासारखी हलकी झाली, आणि मी इंजिन सुरू केलं. सुकाणूचं लाकूड बाबांच्या आणि लेनच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. लेन कमरेपर्यंत पाण्यात शिरून ओरडत होता, “डावीकडे! डावीकडे, गाढवे!” मी कधीच डावीकडे वळवलं होतं. आयुष्यभर बघत आले होते की!

बोयापाशी वळले आणि गाव समोर आलं. धक्का, रंगीत खोपट्या, टेकडीवरचं चर्च, आणि पाण्याच्या कडेला दोर धरून त्या सगळ्या उभ्या, प्रूडन्स सगळ्यांत पुढे. माझं गाव मी समुद्रावरून प्रथमच बघत होते. मी एकटीच होते, म्हणून खुशाल रडून घेतलं.

पूर्ण वेगात होडी गोट्यांवर घातली, बायकांनी दोर अडकवला आणि ओढून वर घेतली. पिमसाहेब वही काढून पुढे आले.

“नाखवा कोण होता म्हणून लिहू?” त्यांनी लेनला विचारलं.

“नाखवीण,” लेन म्हणाला. “मॅज टपर. माझी बहीण आहे ती.”

पिमसाहेबांना ते ठाऊक होतं. ते माझ्याच गाडीवर तिसऱ्या खातात. तरी लेनने सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं.