दोन बोटं सैल

नर्सने बूट काढायला सांगितले, तर तिने पायमोजेही काढले, घड्याळ काढलं, कानातलेसुद्धा पर्समध्ये टाकले. मग श्वास रोखून वजनकाट्यावर उभी राहिली.

"उतरलं नाही हो," नर्स म्हणाली. "उलट थोडं वाढलंच आहे."

"असं कसं? रोज चालते मी. जिने चढते. ही पँट बघा ना, दोन बोटं सैल झालीय!"

"डॉक्टर पँटचं ऐकत नाहीत, काट्याचं ऐकतात. तुमच्या यकृतावरची चरबी कमी झाल्याशिवाय ते भावासाठी त्याचा तुकडा काढणार नाहीत." नर्सचा आवाज खाली आला. "आणि तुमच्या भावाला फार थांबता येणार नाही."

घरी पोहोचेपर्यंत तिच्या कानात नर्सचं ते शेवटचं वाक्य होतं. यकृत द्यायचं आईचं वय उलटून गेलेलं, बाकी कुणाचं रक्त जुळेना. उरली ही एकटी. लहानपणी घरात एक थट्टा ठरलेली असायची, की धाकट्याला खाल्लेलं अंगी लागत नाही आणि थोरलीला वारासुद्धा लागतो. आता धाकटा आतल्या खोलीत पडून होता, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झालेला, आणि ती थट्टा घरात कुणी करत नव्हतं.

पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू होतं. त्या मशीनवरच आईने दोघांना वाढवलं होतं. तिने कपडे बदलले आणि पँट धुवायला टाकण्यासाठी उलटी केली. शिवणकाम करणाऱ्या घरातली मुलगी ती. तिचा हात आपोआप मागच्या शिवणीवर गेला आणि तिथेच थांबला. सगळी पँट धुऊन धुऊन विटलेली, पण शिवणीलगत दोन्ही बाजूंना गडद निळी पट्टी होती. कालपरवापर्यंत शिवणीत दडलेलं कापड नुकतंच उघडं पडलं होतं. शेजारी जुन्या टाक्यांची भोकंही होती.

ती पँट घेऊन आईसमोर उभी राहिली.

"ही तू सैल केलीस?"

आईने मशीनवरून मान वर केली नाही. "तुला बरं वाटावं म्हणून."

"आई."

मशीन थांबलं.

"भाजीत तेलही मीच वाढवत होते," आई हळूच म्हणाली. "म्हटलं, पँट सैल लागली की तू निर्धास्त राहशील. एकाला चिरणार म्हणतात, ते ऐकूनच माझ्या जिवाचं पाणी होतंय. दोघांना चिरायचं? आणि तू नको जाऊस, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू? तोही माझाच ना. म्हणून वाटलं, नाही म्हणायचंच असेल तर काट्याने म्हणावं."

तिला संताप यायला हवा होता. पण छातीवरचा धोंडा कुणी उचलल्यासारखं तिला हलकं वाटलं. आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावं लागणार नव्हतं, आणि त्यात तिचा दोषही नव्हता. हे आपल्याला बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा मात्र तिने हातातली पँट मशीनवर टाकली. ती स्टुलावर बसली.

"ताई," आतून धाकट्याचा बारीक आवाज आला. "काय म्हणाले गं? होईल ना?"

आईने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत हात जोडलेले होते. पण कशासाठी, ते आईलाही सांगता आलं नसतं.

"थोडं राहिलंय रे," ती मोठ्याने म्हणाली. मग आईला ऐकू जाईल एवढंच बोलली, "आजपासून माझं जेवण मी करते."

आईने पँट स्वतःकडे ओढली, छोटी कात्री घेतली आणि ती पुन्हा पहिल्यासारखी घट्ट करायला मागची शिवण उसवायला लागली. पण कात्रीचं टोक धाग्याऐवजी कापडात घुसलं.