द्वारपालाचा घसा

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून सहा महिने झाले तेव्हा सगुण मास्तरांचा आवाज गेलेला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहणाऱ्यांनी तो जोडलाच.

मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते. देवळाच्या जत्रेत पहिल्या रात्री जे नाटक होतं, त्यातल्या राजाचा मान त्यांच्या घराण्याचा. पणजोबांपासूनचा. नाटक कुठलंही असो, राजा मास्तरांच्याच घरातला. तसाच द्वारपालाचा मान कृष्णनाथच्या घराण्याचा. कृष्णनाथ पेडण्याच्या मामलेदार कचेरीत कारकून. बावीस वर्षं तो दारात काठी घेऊन उभा राहत होता आणि "महाराजांचा विजय असो" एवढं एकच वाक्य म्हणत होता. नाटक शुद्ध मराठीत व्हायचं आणि त्यावरची भांडणं कोकणीत. भाषेवरून बाहेर दगड उडाले त्या वर्षीही आमच्या आगरशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, या वाटणीला कोणी हरकत घेतली नव्हती.

मास्तरांचा घसा दोन वर्षं बसलेला होता. खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं होतं. डॉक्टर तेवढा झाला नव्हता. मास्तरांचे वडीलही राजाच करायचे. त्यांचा आवाज असाच बसला आणि शेवटचे तीन महिने त्यांनी पेजेवर काढले. मास्तरांना ते तीन महिने पाठ होते. म्हणून ते सगळ्यांना सांगत, दमट हवेनं होतं असं.

अशात त्यांची पुतणी हर्षा संशोधन घेऊन गावात आली. ती कायद्याची. विषय होता उत्सवी नाटकातली भूमिकांची मक्तेदारी आणि नटांच्या घशाचं आरोग्य. नाट्यविभागानं सांगितलं, हा कायदा आहे. कायद्याच्या लोकांनी सांगितलं, हे वैद्यक आहे. वैद्यकवाले म्हणाले, हे नाटक आहे. शेवटी कायद्याच्याच एका प्राध्यापकानं दया येऊन सही केली. एकाच घराण्याकडे राजा राहिला तर स्पर्धा मरते, आणि स्पर्धा नसली की साठीतला माणूसही ओरडत राहतो, असा तिचा सिद्धांत होता. तो तिनं काकांना सांगितला नाही.

पणजीच्या सरकारी इस्पितळातल्या घशाच्या डॉक्टरनं अकरा नटांचे घसे फुकट तपासायचं कबूल केलं. रुग्ण म्हणून मास्तर मेले तरी गेले नसते. संशोधनासाठी म्हटल्यावर ते सर्वांत आधी फेरीबोटीत चढले.

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. गुप्तता राखायची होती. आपल्यालाच कळेल अशी काही खूण लिहा, असं हर्षानं सांगितलं होतं. बहुतेकांनी आपापली भूमिका लिहिली. मास्तरांनी 'राजा' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. उद्या काही वाईट निघालं तर ते राजाच्या नावावर नको. कृष्णनाथ आपल्याआधीच तपासून बाहेर गेलाय आणि त्यानं काय लिहिलंय ते आपण पाहिलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी लिहिलं, 'द्वारपाल'.

डॉक्टरनं आरशातून पाहिलं आणि आठवड्यानं पुन्हा यायला सांगितलं. मास्तर पेन्शनच्या कागदाचं कारण सांगून एकटेच पणजीला गेले. डॉक्टरनं घशातला एक तुकडा काढून तपासायला दिला. निकाल अकराही जणांच्या यादीबरोबरच येईल, असं कळलं. ते बारा दिवस मास्तर जेवायला बसत आणि आधी पेजच मागत. सवय करून घेत होते. त्यांच्या पत्नी, प्रभावतीकाकी, वाढत होत्या आणि बघत होत्या.

यादी आली ती तालमीच्या दिवशी दुपारी. कोणती खूण कुणाची हे हर्षाला ठाऊक नसल्यामुळे आगरशाळेत वाचून दाखवण्यावाचून इलाज नव्हता. सगळ्यांपुढे यादी उघडली आणि खुणा पाहून तिनं कपाळाला हात लावला. गावातल्या लहान पोरालाही कळल्या असत्या.

"राजा. घसा उत्तम. काही दोष नाही."

सगळे मास्तरांकडे वळले. कुणी पाठ थोपटली, कुणी नारळ फोडायचं बोललं. मास्तरांचा चेहरा मात्र चुन्यासारखा झाला. कृष्णनाथ जमिनीच्या फरशा मोजत होता.

हर्षानं पुढं वाचलं. "द्वारपाल. घशात गाठ आढळली. तुकडा तपासला..."

पान संपलं होतं. ती उलटू लागली तर दोन पानं चिकटलेली. आता सगळे कृष्णनाथकडे दयेनं बघत होते. मास्तरांनी खांब धरला. प्रभावतीकाकींनी खांब धरलेला हात पाहिला.

"...साधी गाठ. ओरडून ओरडून झालेली. कर्करोग नाही. महिनाभर संपूर्ण मौन, पुढे पाच महिने आवाज चढवायचा नाही."

मास्तर खांबावरून घसरत खाली बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांना आठवलं की दहा दिवसांवर जत्रा आहे, राजाचा घसा उत्तम आहे आणि राजाला तीन अंक ओरडायचं आहे. गप्प राहिलं तर मान वाचत होता. घसा वाचत नव्हता.

"द्वारपाल मी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "गाठ माजी."



"पेन्शनचो कागद म्हणतत तो ह्योच काय?" काकींनी विचारलं. आणि पदर डोळ्याला लावून हसायला लागल्या, ते बराच वेळ.

मग राजा कोण, हा प्रश्न कुणी विचारायची गरज पडली नाही. कृष्णनाथ फरशा सोडून उभा राहिला.

"चुकान लिवलंय," तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "चुकान नाय. बावीस वर्सां तुमच्या मागे उभो आसंय, मास्तर. सगळा पाठ आसा."

समितीनं तासभर खल केला. मान असा दुसऱ्या घरात देता येतो का, याला दाखला नव्हता. अखेर कुणीतरी म्हणालं की सरकारी डॉक्टरच्या सहीच्या कागदावर राजा कोण ते आलेलंच आहे, आपण कोण बदलणारे? आमच्याकडे शिक्क्याच्या कागदापुढे पणजोबाही नमतात. ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मुकुटाची पेटी स्वतः आणून कृष्णनाथला दिली. मौन सुरू झालं होतं, म्हणून शाळेतली जुनी पाटी गळ्यात होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'डाव्या कानाच्या वर चावतो. चाळीस वर्षं.' दारात आता मास्तर उभे राहणार होते, म्हणून द्वारपालाचं एकमेव वाक्य कापून नुसती काठी आपटायची ठरली.

हर्षा कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. मक्तेदारी कायद्यानं नाही, गाठीनं मोडली, हे कुठल्या प्रकरणात घालावं ते तिला सुचत नव्हतं.

जत्रेच्या रात्री पहिला अंक सुरू झाला. कृष्णनाथनं तोंड उघडलं आणि बावीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. पिंपळावरचे कावळे उडाले. मास्तर दारात काठी घेऊन उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी पाटी पुसली, काही लिहिलं आणि राजापुढे धरली.

'द्वारपालाला बसता येतं का?'

राजानं भाषण मध्येच थांबवलं.

"बसा, मास्तर," तो म्हणाला.