गिरिजाची डावी बाजू

दिल्लीला समुद्र नाही, पण समुद्राच्या बैठका मात्र दिल्लीतच! किनाऱ्यावर डॉल्फिन मोजणारे पाच गट दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्रामला जमणार होते, आणि त्या पाचांच्या याद्या जोडून एक यादी करायचं लचांड दिल्लीच्या द्वारका भागातल्या अश्लेषाच्या गळ्यात पडलं होतं. पाच गट म्हणजे पाच सासवा. कुणी फोटो देईना, दिले तर आपल्या नावाशिवाय वापरू देईना. तीन महिने गोड बोलून बोलून तिची जीभ झिजली.

बैठकीच्या आदल्या दुपारी ती कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात पोचली. मालवणच्या गटाचे तात्याराव तिथे उतरले होते. वय सत्तरीचं, जन्म मासेमारीत गेलेला, आणि गेली बारा वर्षं गटाची होडी तेच चालवत. कॅन्टीनमध्ये समोर चहा होता, पण त्यांनी कपाला हात लावला नव्हता.

“बाय, गिरिजा मेली म्हणून लिव,” ते म्हणाले. “माज्या जाळ्यात मेली, असा लिव. उद्या सगळ्यांसमोर मीच सांगतलंय.”

गिरिजा म्हणजे मालवणची डॉल्फिन; नाव तात्यारावांनीच ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी ती त्यांच्या जाळ्यात अडकली. त्यांनी सुरीने दोर कापून तिला सोडवलं, पण त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. हे त्यांनी गटातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा बोलले, तेही मान खाली घालून.

अश्लेषाने लॅपटॉप पुढे ओढला. एवढ्या भल्या माणसाने पाच गटांसमोर उभं राहून हे कबूल करायचं? “तात्या, अजून एकदा बघू या ना. प्लीज.”

“सगळे फोटो बघलंस मा तू?”

बघितले होतेच की! डॉल्फिन ओळखायची पाठीवरच्या परावरून, म्हणजे उभ्या तिकोनी कल्ल्यावरून, त्यावरच्या खाचा आणि ओरखडे बघून. एकच जनावर दोनदा मोजलं जाऊ नये, म्हणून प्रत्येक गट एकाच बाजूचे फोटो यादीत घेतो. मालवणवाले उजव्या बाजूचे. आणि पाचातला शेजारचा गट, कारवारवाले?

अश्लेषाने कपाळावर हात मारून घेतला. कारवारवाले डाव्या! तीन महिने ती उजवी बाजू डावीशी ताडून बघत होती, आणि जुळत नाही म्हणून पुढे सरकत होती. रोज आरशात बघून भांग पाडणाऱ्या बाईला एवढंही सुचू नये? धन्य आहे बाई, असं ती स्वतःलाच म्हणाली.

“तात्या, दोर नेमका कुठे रुतला होता?”

त्यांनी तळहात उभा धरून दाखवलं. “शेंड्याखाली दोन बोटां. दोर दोनदा गुंडाळलेलो. दोन घाव, एकमेकाक लागान.”

मालवणच्या कुठल्याच फोटोत ते घाव नव्हते. ते एकाच माणसाला ठाऊक होते. अश्लेषाने कारवारचे फोटो आरशातल्यासारखे उलटवले आणि एकेक बघत गेली. सत्तेचाळिसाव्यावर थांबली. शेंड्यावर गिरिजाची जुनी खाच, आणि दोन बोटं खाली जोडीने दोन भरून आलेले घाव. फोटो गेल्या डिसेंबरातला.

तात्यारावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रडायला लागली ती अश्लेषाच. वेटर घाबरून पाणी घेऊन धावला. “सब ठीक है, भैया,” ती हुंदके देत म्हणाली, “बिल्कुल ठीक है!”

आता गिरिजा जिवंत निघाली म्हटल्यावर तात्यारावांना गप्प बसता आलं असतं. अश्लेषाने तसं सुचवूनही पाहिलं. पण ऐकतील ते तात्याराव कसले? दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी जाळं, सुरी, तीन वर्षांची चोरटी चुप्पी, सगळं सांगून टाकलं. अश्लेषाने दोन्ही गटांचे फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले: मालवणची गिरिजा आणि कारवारची सत्तेचाळीस नंबर एकच.

मग कारवारच्या गटाचा नीरज उठला. एकेका फोटोसाठी अश्लेषाला महिनाभर खेटे घालायला लावणारा हाच तो पठ्ठ्या. त्याने आपल्या यादीतला सत्तेचाळीस नंबर स्वतःच्या हाताने खोडला.

“आमची एक कमी झाली,” तो म्हणाला, “पण काका, मला खरंच आनंद झालाय. तिच्याबरोबर पिल्लू आहे, माहितीये?”

त्याने पिल्लाचा फोटो पडद्यावर लावला. तात्याराव उठून अगदी पडद्याजवळ गेले.

“पोराचो पर,” त्यांनी विचारलं, “सगळो आसा मा?”

“सगळा आहे, काका. एक ओरखडासुद्धा नाही.”

तेव्हा कुठे तात्याराव पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले आणि तोंडाला रुमाल लावून हमसून हमसून रडले.