काचेच्या दोन पट्ट्या

गणेशवाडीच्या फूलबाजारातून साळूबाई मखमलाबादला घरी आली, रिकामी पाटी ओट्यावर टाकली आणि सवयीने आधी छताकडे पाहिलं. देव्हाऱ्याकडे नंतर. स्लॅबला तडा गेल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. शेवंती विकून विकून उभं केलेलं घर, अजून रंगाचा वासही गेला नव्हता, आणि तडा बैठकीतून थेट आतल्या खोलीपर्यंत पोचला होता. सिमेंटच खराब निघालं, असं इंजिनिअरने तपासून सांगितलं. सिमेंट कंपनीचा माणूस मात्र बूट न काढता घरभर फिरला आणि म्हणाला, "तुमच्या गवंड्याचं काम कच्चं आहे. आणि तडा काही वाढत नाहीये." मेला, त्याच्या डोक्यावर होतं का ते छत!

प्रकरण ग्राहक मंचात गेलं. तेव्हा इंजिनिअरने तड्यावर आडव्या दोन काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, एक बैठकीत, एक आत. स्लॅब जरा जरी हलला तर काच तडकणार. मंचाचा माणूस उद्या पाहणीला यायचा होता.

आणि आज बैठकीतली काच तडकलेली होती.

आतल्या खोलीत बाळंतपणाला आलेली मुलगी सुवर्णा होती, तिची तान्ही लेक होती. "सुवर्णे!" म्हणून ती धावणार, तेवढ्यात नवऱ्याने तिचा दंड धरला.

"वरडू नको," लहानू हळूच म्हणाला. "काय हाललं नाय. काच म्या फोडली. उद्या साहेब येणार, त्याला दिसाया नको का काही?"

साळूबाईचा जीव भांड्यात पडला, आणि मग संताप आला.

"तुमाला लाज नाय वाटत? ही लबाडी उघडी पडली तर आपलं खरंबी कोण ऐकंल? आन् घर खरंच हाललं तर मला कसं कळायचं? आत्ताच्या आत्ता इंजिनिअरला फोन लावा."

लहानूने मान खाली घालून फोन लावला. इंजिनिअरने त्याला यथेच्छ झापलं आणि शेवटी विचारलं, "आतली काच शाबूत आहे ना? मग घाबरू नका. उद्या मी खरं ते सांगतो."

"हाय हाय, सकाळीच बघितली," लहानू म्हणाला.

साळूबाई तरी आत गेली. सुवर्णेचा डोळा लागला होता. स्लॅबच्या कडीला टांगलेल्या पाळण्यात बाळ निजलं होतं. कडीला लागूनच तडा, तड्यावर काच. काचेच्या मधोमध बारीक रेघ होती. बाळाच्या दुपट्यावर पांढरी भुकटी सांडली होती.

तिने बाळ उचललं, सुवर्णेला हाताला धरून उठवलं आणि दोघींना घेऊन थेट बाहेर शेवंतीच्या वाफ्यापर्यंत गेली. लहानू मागून धावत आला. जाता जाता त्यानेही वर पाहिलं होतं.

"ती म्या नाय फोडली गं," तो म्हणाला. "आईशपथ."

त्याची लबाडी तिला एका नजरेत कळायची. तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तो खरं बोलत होता.

"म्हना ना," साळूबाईने त्याचा सदरा धरला. "तीबी तुमीच फोडली म्हना."