मंडईच्या दिवशी सेठ

भावनानं नागपूरच्या दारूच्या ठोक व्यापाऱ्याला, धर्मेंद्र सेठला बोलावलं, ते नेमकं गावच्या मंडईच्याच दिवशी! दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्राच, घरोघरी पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, आणि कुणालाही नाही म्हणायची सोय नाही. लाखनीत नांदून इतकी वर्षं झाली, तरी बाईच्या डोक्यातून दिवस निसटला. निसटणारच! आपली सुवासिक चिन्नोर तांदळाची बिअर नागपुरात दुकानोदुकानी दिसतेय, एवढंच तिला सुचत होतं.

नवरा जीवन मात्र एका टाकीवर खूश. हायवेच्या कडेला परवान्याचा छोटासा कारखाना, बाहेर बाकडी. "मोठं कायले करतं? हातानं होते तेवढीच चांगली," हे त्याचं पालुपद. शेवटी ठरलं, सेठला चव पटली तर करार, नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.

सकाळीच आसगावहून जीवनचे मंगरूमामा अख्खं टोळकं घेऊन आले. पहिला घोट घेतला नि ओरडलेच, "अवो माय! याच्यात त माह्या धानाच्या बांधीचा वास हाय!"

झालं! जो तो ग्लास पुढे करू लागला. दारूला शिव्या घालायला आलेल्या रेवतामावशीनं "वास त पाहू द्या" म्हणत ग्लास रिकामा केला, वर दुसरा मागितला. इकडे टाकी उतरत होती नि भावनाचा जीव टांगणीला.

"बस करा न जी, पाहुणे येऊन राहिले!"

"मंग आमी कोण हावो, सूनबाई?" मामा म्हणाले, आणि बाकडी हलेपर्यंत सगळे हसले. तिलाही हसू आवरेना.

सेठ गाडीतून उतरले ते थेट ढोलकीवर रंगलेल्या नाचात. मावशीनं ओढलंच त्यांना. दोन ग्लास पोटात गेल्यावर ते घामाघूम, लालबुंद, भलतेच खूश.

"ताई, कमाल हाय! ट्रकच्या ट्रक भरून काढू. फक्त तांदूळ साधा टाकू, वास वरून घालता येते. कोणाले समजते?"

ट्रकच्या ट्रक! भावनाला आनंदानं उडी मारावीशी वाटली, पण तो 'साधा तांदूळ' कानात अडकला. नळातून शेवटचा एक ग्लास निघाला. समोर दोन हात. एक सेठचा, एक मामांचा. ढोलकी थांबली.

तिनं ग्लास मामांच्या हातात दिला.

"याइले समजते न, सेठ! मोठं त मी करीनच. पण पह्यले याइले पुरली पाहिजे, अशीच्या अशी."

"म्हंजे दुसरी टाकी?" जीवननं भीत भीत विचारलं.

"दोन आणा जी, दोन!"

सेठचे ट्रक नाहीत, आपल्याच टाक्या वाढणार हे कळताच जीवननं अशी आरोळी ठोकली की हायवेवरच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. सेठ रिकामा ग्लास धरून तसेच उभे.

"अन् मी, ताई?"

"तुमी उशिरा आले, सेठ," भावना म्हणाली. "पुढच्या मंडईले सकाळीच या."